चार केबीचे कारागीर

माझी सगळी नोकरी वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहिण्यात गेली. भोसरीच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना होता, तिथे इलेक्ट्रॉनिक काटे बनत. त्यांतले काही भुसाराच्या गाळ्यांवर आणि भंगारवाल्यांकडे अजूनही चालू असतील. काट्याच्या पोटात ८०५१ नावाची चिप असायची. प्रोग्राम ठेवायला तिच्यात ४ केबी जागा, आणि चालू हिशेब मांडायला रॅम फक्त १२८ बाइट. १२८ बाइट म्हणजे किती? मोबाइलवर आपण देवनागरीत लिहितो तेव्हा प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा सहसा तीन-तीन बाइट खाते. त्या हिशेबानं १२८ बाइटांत धड एक वाक्यही मावायचं नाही. काट्याला मात्र ते पुरायचं. वजन, डब्याचं टेअर, भाव, रक्कम, एवढंच तर लक्षात ठेवायचं.

पुढे कधीतरी अटारी कंपनीच्या पहिल्या कार्ट्रिजवाल्या व्हिडिओ गेम यंत्राचा तांत्रिक तक्ता माझ्या हाती आला. १९७७चं यंत्र. कार्ट्रिजमधल्या प्रोग्रामला मर्यादा ४ केबी, रॅम १२८ बाइट. आकडे थेट माझ्याच चिपचे! फरक एवढाच, की मला त्यात चार-सहा आकडे उमटवायचे होते आणि या मंडळींनी तेवढ्याच जागेत किल्ले, ड्रॅगन, मगरींची तळी आणि नदीवरून उडणारी विमानं बसवली होती. तेव्हापासून मी त्यांचा भक्त आहे. आंधळा नाही, त्यांचे फसलेले खेळही मी तितक्याच आवडीनं उघडून पाहतो.

आधी यंत्र समजून घेऊ. अटारी ही कंपनी नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ साली कॅलिफोर्नियात काढली. टेबल टेनिससारखा त्यांचा 'पाँग' हा नाणं टाकून खेळायचा खेळ बारमधून धो धो चालला. मग घरच्या टीव्हीला जोडायचं, कार्ट्रिज बदललं की खेळ बदलेल असं यंत्र काढायचं ठरलं. (कार्ट्रिज म्हणजे आपल्याकडची पोरं ज्याला 'कॅसेट' म्हणायची ते.) त्यासाठी भांडवल हवं, म्हणून १९७६ साली कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्सला २ कोटी ८० लाख डॉलरना विकण्यात आली. सप्टेंबर १९७७ मध्ये यंत्र दुकानांत आलं. किंमत १९९ डॉलर, नाव व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम. अटारी २६०० हे नाव त्याला १९८२ मध्ये चिकटलं. आतली मंडळी त्याला 'स्टेला' म्हणत. जो डिक्युअर या इंजिनिअरच्या सायकलच्या कंपनीचं ते नाव.

स्टेला बेतलं होतं 'पाँग' आणि 'टँक' यांसारख्या खेळांसाठी. दोन रणगाडे, दोघांच्या दोन गोळ्या, एक चेंडू आणि मागे भिंती. चित्र काढणारी टीआयए नावाची चिप जे मायनर आणि डिक्युअर यांनी घडवली (हाच मायनर पुढे अमिगा संगणकाचा जनक म्हणून ओळखला गेला), आणि तिच्यात नेमक्या एवढ्याच वस्तूंची सोय होती: आठ ठिपके रुंदीचे दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू. भिंतींचा आराखडा अर्ध्याच पडद्याचा द्यायचा. उरलेला अर्धा चिप स्वतःच तसाच्या तसा किंवा आरशातल्यासारखा उलटा काढायची. दोन-चार वर्षं असे दहा-बारा खेळ विकायचे, मग नवं यंत्र काढायचं, असा कंपनीचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्याचं उत्पादन थांबलं १९९२च्या सुरुवातीला. यंत्राच्या मूळ रचनेत बदल न होता ते इतकी वर्षं जगलं, याचं श्रेय मी सरळ प्रोग्रामरांना देतो.

त्यांनी काय केलं ते कळायला जुना, मागे ढेरी असलेला टीव्ही आठवावा लागेल. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढतो, जरासा खाली उतरतो, पुढची रेघ ओढतो. अमेरिकेतल्या टीव्हीत अशा २६२ रेघा झाल्या की एक फेरी पुरी, आणि सेकंदाला ६० फेऱ्या. बहुतेक संगणक अख्खं चित्र आधी मेमरीत मांडून ठेवतात आणि तिथून पडद्यावर सोडतात. स्टेलाचा पडदा आडवे १६० ठिपके आणि उभ्या १९२ रेघांचा धरा. प्रत्येक ठिपका पेटलेला की विझलेला, एवढंच लक्षात ठेवायचं म्हटलं तरी ३,८४० बाइट लागतात. रंगांचं तर नावच नको. जवळ होते १२८. तेव्हा रॅम महाग होती, म्हणून चित्र साठवायचंच नाही असं ठरलं. टीआयएला फक्त चालू रेघ ठाऊक. पुढच्या रेघेवर काय दिसायला हवं, ते प्रोग्रामनं झोत तिथे पोचायच्या आत तिच्या कानात सांगायचं. मग त्याच्या पुढच्या रेघेचं. असं १९२ वेळा, सेकंदाला ६० फेऱ्यांत, खेळ संपेपर्यंत.

एका रेघेला प्रोसेसरच्या वाट्याला ७६ ठोके येतात. ठोका म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा. एका ठोक्यात झोत तीन ठिपके पुढे सरकतो. प्रोसेसरची सगळ्यांत छोटी सूचनाही दोन ठोके घेते. एक आकडा उचलून टीआयएच्या हवाली करायचा तर किमान पाच. तेवढ्यात झोत १५ ठिपके पुढे निघून गेलेला असतो. पडदा रंगवणाऱ्या प्रोग्रामच्या या तुकड्याला ते 'कर्नल' म्हणत. कर्नल लिहिणारा माणूस प्रत्येक सूचनेपुढे तिचे ठोके मांडून बेरीज करत बसलेला असे. बाकीचा खेळ, म्हणजे जॉयस्टिक वाचणं, शत्रूची चाल, गुण, आवाज, हे सगळं वर आणि खाली न दिसणाऱ्या ७० रेघांच्या वेळात उरकायचं. फेरीमागे सुमारे ५,३०० ठोके. वजनकाट्यात माझा हिशेब एखाद्या फेऱ्यानं रेंगाळला तरी गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. इथे बेरीज चुकली की सगळं चित्र उड्या मारायला लागतं.

या यंत्रातली मला सगळ्यांत आवडणारी विचित्र गोष्ट म्हणजे वस्तूची आडवी जागा. विमान डावीकडून ८३व्या ठिपक्यावर ठेवायचं असेल तर ८३ हा आकडा कुठे लिहावा? कुठेच नाही, तशी सोयच नाही. प्रोग्रामनं 'आत्ता' म्हणायचं. त्या क्षणी झोत जिथे असेल, तिथे वस्तू बसते. म्हणून जागा हवी असेल तर वेळ मोजत थांबायचं. मोजणीचा छोट्यात छोटा फेरा पाच ठोक्यांचा, म्हणजे जागा १५-१५ ठिपक्यांच्या उड्यांनी सापडते. मधले ठिपके दुसऱ्या एका सोयीनं डावी-उजवीकडे ढकलून जुळवायचे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चिप बनवणाऱ्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले होते. नंतर लक्षात आलं, याच विचित्रपणातून पळवाटा निघाल्या.

पहिली पळवाट लॅरी कॅप्लननं काढली. यंत्राबरोबरच १९७७ मध्ये आलेल्या 'एअर-सी बॅटल'मध्ये पडद्यावर एकाखाली एक कितीतरी लक्ष्यं सरकतात. खेळाडूची चित्रं तर दोनच! एक चित्र वरच्या पट्ट्यात काढून झालं की झोत खाली येईपर्यंत तेच हलवायचं, त्याचं रूप बदलायचं आणि पुन्हा वापरायचं. बॉब व्हाइटहेडपुढे बुद्धिबळाचा पेच होता. एका ओळीत आठ मोहरी हवीत. चिप प्रत्येक खेळाडूच्या फार तर तीन नकला शेजारी-शेजारी काढून देते, म्हणजे जमतात सहा. त्यानं चार मोहरी सम रेघांवर काढली आणि चार विषम रेघांवर. जवळून पाहिलं तर मोहऱ्यांना खिडकीच्या पट्ट्यांसारख्या फटी दिसतात, दुरून घोडा घोड्यासारखाच दिसतो. १९७९ मध्ये 'व्हिडिओ चेस' विकायला आलं, तेही ४ केबीत, समोरच्याशी बऱ्यापैकी खेळण्याच्या अकलेसकट.

या काळात एक खेळ म्हणजे एक माणूस. कल्पना त्याची, प्रोग्राम त्याचा, आलेख-कागदावर चौकोन रंगवून काढलेली चित्रं त्याची आणि बीप-बूप आवाजही त्याचेच. प्रोग्राम तपासायला ईप्रॉमवर चढवायचा, चुकला की चिप अतिनील दिव्याखाली ठेवून पुसायची आणि पुन्हा चढवायचा. हे काम मीही केलं आहे. चिप पुसून होईपर्यंतच्या वेळात माणूस दुसरं काहीच करू शकत नसल्यानं विचार करतो. त्या सक्तीच्या विचारातून बरेच बाइट वाचतात.

नाण्यावर चालणाऱ्या खेळाची घरगुती आवृत्ती करणं, ज्याला पोर्ट करणं म्हणतात, हे त्यातलं सगळ्यांत अवघड काम. पोर्टला पुष्कळ लोक नक्कल समजतात. पण मूळ प्रोग्राम बहुतेकदा हातात नसे, आणि असता तरी वेगळ्या प्रोसेसरसाठी लिहिलेला म्हणून निरुपयोगी. मूळ यंत्रापुढे उभं राहून खेळायचं, काय घडतंय ते डोळ्यांत साठवायचं आणि घरी परत नव्यानं मांडायचं. खरा प्रश्न असायचा, काय सोडून द्यायचं?

जपानच्या टायटो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकाडोचा 'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८चा. त्याच्या यंत्रात इंटेलचा ८०८० प्रोसेसर होता. इंजिनिअरिंगला ८०८५चं किट बडवलेल्या माझ्या पिढीला तो काकासारखा. त्या यंत्राला ८ केबी रॅम होती आणि तिचा मोठा हिस्सा निव्वळ पडद्याचं चित्र साठवायला. परग्रहावरचे ५५ हल्लेखोर, पाच ओळींत अकरा-अकरा उभे. रिक मॉररला हे सगळं स्टेलावर आणायचं होतं. त्याच्या आवृत्तीत हल्लेखोर ३६ आहेत, सहा ओळींत सहा-सहा. सहाच का, ते आता वाचकाच्या ध्यानात आलं असेल: दोन खेळाडू, प्रत्येकाच्या तीन नकला. आकार बदलले, संख्या घटली. टिकवलं काय, तर मूळ खेळातला धाक. मारत जावं तसे उरलेले हल्लेखोर वेग घेतात आणि छातीतली धडधड वाढवणारा तो ठेकाही त्यांच्याबरोबर वाढतो. बाकी जागेत त्यानं खेळाचे ११२ प्रकार बसवले. कुठे ढाली सरकतात, कुठे हल्लेखोर अदृश्य, कुठे दोघं मिळून एकच तोफ चालवतात. १९८० मध्ये आलेलं हे कार्ट्रिज दहा लाखांच्या पुढे खपलेलं पहिलं मानलं जातं, आणि लोक ते खेळण्यासाठी यंत्र घेऊ लागले. पोर्ट कसं करावं याचा वस्तुपाठ कुणी विचारला तर मी आजही मॉररकडे बोट दाखवतो.

दुसरं पोर्ट तर वरून ओळखूही येत नाही. मोठ्या संगणकांवर तेव्हा गुहेत भटकण्याचा एक खेळ होता, सगळा अक्षरांत. 'तू भुयारात आहेस' असं पडद्यावर उमटायचं, खेळणाऱ्यानं 'उत्तरेला जा' असं टाइप करायचं. वॉरन रॉबिनेटनं तो पाहिला आणि त्याला तो स्टेलावर हवासा वाटला. मूळ खेळाला शेकडो केबी लागत. वरिष्ठांनी हे जमण्यातलं नाही म्हणून सोडून दे सांगितलं, त्यानं सोडलं नाही. अक्षरं काढून टाकली. प्रत्येक खोली म्हणजे एक पडदा. नायक म्हणजे 'पाँग'मधला चेंडू, एक साधा चौकोन. वस्तू आधी नुसत्या वर्णनात असत, आता तलवार, चावी, लोहचुंबक अशा गोष्टी पडद्यावर उचलून नेता येऊ लागल्या. ३० खोल्या, बदकासारखे दिसणारे तीन ड्रॅगन, आणि एक वटवाघूळ, जे तुमच्या हातातली वस्तू पळवून दुसरीच टाकून जातं. हे वटवाघूळ खेळाडू पाहत नसतानाही आपला उद्योग चालू ठेवतं. १२८ बाइटांत अशी दूरची ढवळाढवळ ठेवणाऱ्या माणसाला माझा नमस्कार.

'अ‍ॅडव्हेंचर' या नावानं हा खेळ १९८० साली बाजारात आला. पंचवीस डॉलरना एक, अशा लाखो प्रती खपल्या. रॉबिनेटचा पगार वर्षाला २२,००० डॉलरच्या आसपास होता. खोक्यावर, पुस्तिकेत, कुठेही त्याचं नाव नाही. कंपनीचं धोरणच तसं होतं. म्हणून त्यानं कुणालाही न सांगता एक खोली लपवली. एका किल्ल्यातल्या चक्रव्यूहात पार्श्वभूमीच्या रंगाचाच एक ठिपका आहे, एवढा बारीक की दिसत नाही. तो घेऊन ठरावीक भिंतीपाशी जायचं. एका रेघेवर दोनच वस्तू नीट दिसू शकतात, तिसरी आली की चित्रं लुकलुकू लागतात. ही यंत्राची खोड वापरून ती भिंत ओलांडता येते, आणि आत रंग बदलत उभं असतं 'रचनाकार: वॉरन रॉबिनेट' या अर्थाचं वाक्य. अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलानं ते शोधून अटारीला पत्र लिहिलं, तेव्हा रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. कार्ट्रिजमधल्या रॉम चिपचा साचा नव्यानं करणं महागात पडणार म्हणून वाक्य राहू दिलं गेलं. खेळांत अशा लपवलेल्या गमतींना 'ईस्टर एग' म्हणण्याचा प्रघात तिथून पडला.

नावासाठी एवढा आटापिटा कशाला, असं काहींना वाटेल. माझ्या काट्यांवरही माझं नाव कधी नव्हतं आणि मला ते खटकलंही नाही. पण काट्याचं वजन हे वजनच असतं, माझ्या जागी दुसरा असता तरी तेवढंच भरलं असतं. 'अ‍ॅडव्हेंचर' दुसऱ्या कुणी लिहिला असता तर तो दुसराच खेळ झाला असता.

अटारीत हा असंतोष आधीच साचला होता. वॉर्नरनं कारभार रे कसार यांच्याकडे सोपवला होता. ते आयुष्यभर कापडधंद्यात मुरलेले. विक्री खात्यानं एकदा मागच्या वर्षीच्या खेळांची खपानुसार यादी फिरवली, असेच आणखी काढा म्हणून. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड यांनी बेरीज केली, तर क्रेनच्या सांगण्यानुसार विक्रीतला सुमारे ६० टक्के वाटा या चौघांच्या खेळांचा निघाला. ते कसार यांच्याकडे गेले आणि पुस्तकाच्या लेखकाला मिळतो तसा थोडा वाटा आणि नाव मागितलं. कसार यांनी त्यांना कार्ट्रिज जुळवणाऱ्या साखळीतल्या कामगाराच्या पंगतीत बसवून परत पाठवलं, असं क्रेन सांगतो. ऑक्टोबर १९७९ मध्ये जिम लेव्हीला बरोबर घेऊन या मंडळींनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी फक्त खेळ बनवणारी ही पहिली कंपनी. अटारीनं कोर्टात खेचलं, पुढे तडजोड झाली. अ‍ॅक्टिव्हिजनच्या पुस्तिकेत रचनाकाराचं नाव आणि फोटो असे, वर त्यानं लिहिलेल्या खेळाच्या क्लृप्त्या.

रॉब फुलॉपचा किस्सा याहून झणझणीत आहे. 'मिसाइल कमांड'चं घरगुती रूप त्यानं केलं. मूळ खेळात क्षेपणास्त्रं सोडायचे तीन तळ आणि हातानं फिरवायचा गोळा. स्टेलावर एक तळ आणि जॉयस्टिक. कार्ट्रिज जोरात खपलं. नाताळात मोठ्या बोनसची वाट पाहत असता त्याला मिळालं टर्की कोंबडीचं कूपन. तो आणि आणखी काही जण बाहेर पडले आणि त्यांनी इमॅजिक ही कंपनी उभी केली.

बाहेर पडलेल्यांनी यंत्र अक्षरशः पिळून काढलं. क्रेनचा 'पिटफॉल' १९८२चा. जंगलातून धावणारा हॅरी, खड्डे, वेली, मगरी, ३२ खजिने, २० मिनिटांची मुदत आणि एकापुढे एक २५५ पडदे. २५५ पडद्यांचे नकाशे ४ केबीत मावतील कसे? क्रेननं नकाशे ठेवलेच नाहीत. त्यानं एक आठ बिटांचा आकडा घेतला. हॅरी उजवीकडच्या पडद्यात गेला की सगळे बिट एक घर सरकवायचे आणि रिकाम्या घरात, ठरावीक बिटांची आपसात तुलना करून, शून्य किंवा एक भरायचा. असं करत गेलं की शून्य सोडून १ ते २५५ सगळे आकडे विस्कळीत क्रमानं एकेकदा येऊन जातात आणि चक्र पुन्हा मूळ जागी येतं. आकड्यातले काही बिट झाडं ठरवतात, काही खड्ड्याचा प्रकार, काही त्यात मगरी की खजिना. आणि हा हिशेब उलटाही करता येतो, म्हणून हॅरी डावीकडे परत फिरला तर त्याला तेच जंगल सापडतं. अख्खं अरण्य मोजक्या बाइटांत! माझ्या कारखान्यातल्या तरुण पोरांना मी हे फळ्यावर करून दाखवत असे. कोड नीट ठेवा म्हणून सांगण्यापेक्षा त्याचा परिणाम बरा होई.

याच जातीची युक्ती कॅरल शॉनं 'रिव्हर रेड'मध्ये वापरली, १६ बिटांची. ती बर्कलीहून शिकून १९७८ मध्ये अटारीत आली, मग अ‍ॅक्टिव्हिजनमध्ये. व्हिडिओ गेमच्या धंद्यातल्या पहिल्या स्त्री-रचनाकारांपैकी एक. अटारीत असताना प्रमुखांनी प्रयोगशाळेत तिला पाहून, आता सौंदर्यप्रसाधनांच्या रंगसंगतीचे किंवा घरसजावटीचे खेळ काढता येतील, अशा आशयाचं काही म्हटल्याची आठवण तिनं नंतर सांगितली आहे. तिनं काढलं लढाऊ विमान. नदी वरून खाली वाहत येते, रुंद होते, फाटते, मध्ये बेट येतं, पूल उडवावे लागतात, इंधन भरावं लागतं. नदीचे दोन्ही काठ एकमेकांचे आरसे आहेत, कारण अर्धा पडदा उलटा काढायची सोय चिपमध्ये आयती होती. यंत्राच्या मर्यादेलाच तिनं नदीचं रूप दिलं, आणि खेळताना ते मर्यादेसारखं वाटतही नाही. पश्चिम जर्मनीनं १९८४ मध्ये हा खेळ मुलांसाठी हानिकारक ठरवून निर्बंधांच्या यादीत टाकला. आजची मुलं काय खेळतात ते पाहून यादी करणाऱ्यांचं हसू येतं.

आता फसलेल्यांकडे येऊ. 'पॅक-मॅन'चं मूळ यंत्र नामकोचं, १९८०चं. मार्च १९८२ मध्ये त्याची अटारी आवृत्ती आली, ती केली टॉड फ्रायनं. तेव्हा ८ केबीची कार्ट्रिजं बनू लागली होती. ब्रॅड स्टुअर्टचा 'अ‍ॅस्टेरॉइड्स' तसाच होता. फ्रायला मिळाले ४. पॅक-मॅन एक आणि भुतं चार. दोन खेळाडूंच्या चित्रांत हे बसवायचं तर एकाच चित्रात चार भुतांनी पाळीपाळीनं दिसायचं. प्रत्येक भूत सेकंदाला ६० ऐवजी १५ वेळा उमटतं, म्हणजे सतत लुकलुकतं. शिवाय दोघांनी आलटून पालटून खेळायची सोय त्यात आहे, त्यामुळे थांबलेल्या खेळाडूचे किती ठिपके खाऊन झालेत तेही त्याच १२८ बाइटांत सांभाळायचं. रंग वेगळे, भुलभुलैया वेगळा, आवाज ठणठण वाजणारे. समीक्षकांनी झोडपलं. तरी ७० लाखांच्या वर प्रती गेल्या, आणि तोवर लोक टिकवण्यासाठी अटारीनं प्रतीमागे थोडा वाटा देणं सुरू केलं असल्यामुळे फ्रायचं भलं झालं. मी त्याला सगळा दोष देत नाही. पण मॉररनं जे ओळखलं, लोकांच्या मनात मूळ खेळातली कोणती गोष्ट बसली आहे ते, ते फ्रायच्या हातून निसटलं. पॅक-मॅनच्या चाहत्याला तो भुलभुलैया पाठ असतो. तोच बदलला, तर बाकी काय वाचवणार? पुढच्या वर्षीच्या 'मिस पॅक-मॅन'ला ८ केबी मिळाले. त्यात भुतं एका रेघेत आली तरच लुकलुकतात, एरवी ठीक दिसतात. त्याच यंत्रावर, हे विसरू नका.

हॉवर्ड स्कॉट वॉरशॉनं वेगळा मार्ग धरला. १९८१ मध्ये अटारीत आल्यावर त्याला पहिलं काम मिळालं 'स्टार कॅसल' पोर्ट करण्याचं. तो मूळ खेळ रेघांनी चित्र काढणाऱ्या वेगळ्या जातीच्या पडद्यावरचा. फिरत्या वर्तुळाकार भिंती, मधोमध तोफ. वॉरशॉनं अभ्यास करून कळवलं की हे स्टेलावर आणलं तर भिकार दिसेल. त्यातली मूळ गंमत घेऊन वेगळा खेळ करू द्या. नवख्या माणसानं असं म्हणायला छाती लागते. वरिष्ठांनी परवानगी दिली आणि 'यार्स रिव्हेंज' तयार झाला. त्यात पडद्याच्या मधून एक रंगीबेरंगी ठिणग्यांचा पट्टा जातो. तशी नक्षी साठवायला जागा नव्हती, म्हणून वॉरशॉनं खुद्द प्रोग्रामचेच बाइट चित्र म्हणून पडद्यावर सोडले. नावातही खोडी आहे: 'यार' म्हणजे कसार साहेबांचं 'रे' उलटं.

त्याच वॉरशॉला १९८२च्या जुलैअखेर 'ई.टी.' सिनेमावरचा खेळ पाच आठवड्यांत करायला सांगितलं, नाताळच्या विक्रीसाठी. एरवी अशा कामाला सहा महिने लागत. खेळ वेळेत झाला. ई.टी. सारखा खड्ड्यांत पडतो आणि बाहेर पडता-पडता पुन्हा पडतो, एवढीच त्याची कीर्ती उरली. सुमारे ४० लाख प्रती काढल्या, त्यांतल्या पुष्कळ खपल्याच नाहीत. १९८३ मध्ये अमेरिकेतला सगळाच धंदा कोसळला. दुकानं निकृष्ट कार्ट्रिजांनी भरली होती आणि किमती कवडीमोल झाल्या होत्या. अटारीनं न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला. २०१४ मध्ये तो उकरला तेव्हा वॉरशॉ स्वतः तिथे हजर होता. एक खेळ धंदा बुडवू शकतो हे मला पटत नाही. पाच आठवड्यांचा करार करणाऱ्यांनी ते बिल प्रोग्रामरच्या नावावर फाडलं, एवढंच. वॉरशॉ आता मानसोपचारतज्ज्ञ आहे.

हे खेळ आज संगणकावर इम्युलेटर घेऊन खेळता येतात. त्यातल्या एकाचं नाव स्टेलाच आहे. जगभर काही लोक अजून या यंत्रासाठी नवे खेळ लिहितात, ठोके मोजून. २०१२ मध्ये एका प्रोग्रामरनं, वॉरशॉनं नाकारलेला 'स्टार कॅसल' ८ केबीत स्टेलावर उतरवून दाखवला. भिंती फिरतात, तोफ नेम धरते, सगळं चोख. मी दोन्ही खेळतो, पण रात्री उशिरापर्यंत खेळला जातो तो 'यार्स रिव्हेंज'. वॉरशॉला १९८१ मध्ये 'स्टार कॅसल' जमला असता, तर 'यार्स' लिहायची वेळच आली नसती.